मोरेव्हियन मंडळीत शेवटचा शब्द कुणाचा?

प्रश्न : लडाखला गेलो असताना लेहमध्ये मोरेव्हियन चर्च पाहिले. घरी आल्यावर वाचले की या पंथाचा स्वतःचा असा ठरावीक सिद्धान्तग्रंथ नाही. मग सभासदांचे आणि पाळकांचे किंवा बिशपांचे सिद्धान्तावरून पटले नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा चालतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटचा शब्द सिनडसभेचा. मंडळ्यांनी निवडून पाठवलेले सामान्य सभासद आणि दीक्षित पाळक एकत्र बसतात, वाद घालतात, मतदान करतात, ती ही सभा. प्रत्येक प्रांताची वेगळी सिनडसभा असते आणि जगभरच्या प्रांतांची मिळून एक, ती दर सात वर्षांनी भरते. दोन सभांच्या मधल्या काळात निवडून दिलेले वडीलमंडळ कारभार पाहते. बिशप आहेत, त्यांचा मानही मोठा आहे. पाळकांना दीक्षा देणे, त्यांची विचारपूस करणे, मंडळीसाठी प्रार्थना करणे हे त्यांचे काम. मात्र त्यांच्या हाती प्रशासनाची सत्ता नसते आणि सभेचा ठराव ते फिरवू शकत नाहीत.

आपल्या प्रश्नातला सिद्धान्तग्रंथाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यात थोडी भर घालावी लागेल. मोरेव्हियन मंडळी एकच एक विश्वासांगीकार धरून बसत नाही, ती अनेक मान्य करते. प्रेषितांचा आणि निकेयाचा मतांगीकार, बोहेमियातल्या बांधवांचा १५३५ चा, लुथरपंथीयांचा १५३० चा ऑग्सबुर्गचा, कॅल्व्हिनच्या परंपरेतली हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमे आणि हिटलरच्या काळातले १९३४ चे बार्मेनचे निवेदन ही सगळी तिच्या यादीत आहेत. प्रभुभोजनात ख्रिस्त नेमका कसा उपस्थित असतो, यावरून लुथर आणि कॅल्व्हिन यांच्या अनुयायांनी एकमेकांचे तोंड पाहायचे टाकले होते. इथे दोघांचीही कागदपत्रे शेजारी शेजारी नांदतात. १९५७ साली, पंथाच्या पाचशेव्या वर्षी, अमेरिकेतल्या बेथलेहेम गावी भरलेल्या सभेने आपल्या विश्वासाची जी मांडणी स्वीकारली, तिचा आशय असा की ख्रिस्ताचे गूढ कोणत्याही मानवी विधानात पुरते मावत नाही, म्हणून मंडळी स्वतःची बंदिस्त सिद्धान्तपद्धती उभारत नाही.

यामागे एक जुनी विचारसरणी आहे. ती समजली की पुढचे सारे वाद उलगडतात. हे लोक धर्मातल्या गोष्टींचे तीन वर्ग करतात. पहिला, तारणासाठी आवश्यक अशा गोष्टींचा: देवाने निर्माण करणे, तारणे, पावन करणे, आणि माणसाकडून विश्वास, प्रेम, आशा. दुसरा, त्या आवश्यकापर्यंत पोचवणाऱ्या सहायक गोष्टींचा: पवित्र शास्त्र, मंडळी, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळकाची सेवा. तिसरा, प्रासंगिक गोष्टींचा: उपासना कशी करायची, गीते कोणती, पोशाख कोणता, कारभार कसा. लक्षात घेण्याजोगी बाब ही की सिद्धान्त पहिल्या वर्गात नाही. तो दुसऱ्यात आहे. तो देवाकडे नेतो, त्याला देवाच्या जागी बसवायचे नाही.

मला ही मांडणी मनापासून सुंदर वाटते. धर्माच्या नावाने युरोपात माणसे जिवंत जाळली जात होती त्या काळात कुणीतरी शांतपणे सांगितले की आपले धर्मविधानसुद्धा एक साधन आहे. पण या कपाटाला तीन खण आहेत हे एकदा मान्य केले, तरी कोणती वस्तू कोणत्या खणात ठेवायची हे कुणीतरी ठरवावेच लागते. या मंडळीतली गेल्या पाचशे वर्षांतली मोठी भांडणे तपासली, तर मुळाशी बहुतेक वेळा हाच प्रश्न सापडतो. सभासद म्हणतात, हे आवश्यक आहे. नेते म्हणतात, हे प्रासंगिक आहे. किंवा नेमके उलट.

प्रश्न : यांच्यात पहिली फूट कधी आणि कशावरून पडली?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : त्यासाठी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात जावे लागेल. यान हुस या प्रागच्या धर्मसुधारकाला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स येथे जाळण्यात आले. पुढे त्याच्या अनुयायांच्या लढाया झाल्या, तडजोडी झाल्या. त्या रक्तपाताला आणि त्या तडजोडींना कंटाळलेली काही माणसे १४५७ च्या सुमारास ग्रेगरी नावाच्या बांधवाभोवती जमून कुनवाल्ड या खेड्यात राहू लागली. त्यांनी स्वतःला बंधुसंघ म्हटले. दक्षिण बोहेमियातला विचारवंत पेटर खेल्चित्स्की हा त्यांचा वैचारिक गुरू. ख्रिस्ती माणसाने तलवार धरू नये, शपथ घेऊ नये, न्यायाधीश किंवा अधिकारी होऊ नये, राजसत्तेच्या आधाराने धर्म चालवू नये, ही त्याची शिकवण. बंधुसंघाने ती शब्दशः पाळली. एखाद्या सरदाराला संघात यायचे असेल तर त्याला आपले पद सोडावे लागे.

१४६७ मध्ये ल्होटका येथे त्यांनी स्वतःचे धर्मसेवक निवडले आणि रोमच्या व्यवस्थेपासून वेगळे झाले. त्या निवडीची हकिकत सांगण्याजोगी आहे. नऊ उमेदवार ठरवले. बारा चिठ्ठ्या केल्या: तीन चिठ्ठ्यांवर होकार लिहिलेला, नऊ कोऱ्या. म्हणजे सगळ्या उमेदवारांच्या हाती कोऱ्याच येऊ शकल्या असत्या, आणि तसे झाले असते तर देवाची अजून इच्छा नाही असे समजून ते थांबले असते. तिन्ही होकार उमेदवारांच्याच हाती आले.

एकाच पिढीत परिस्थिती बदलली. संघ वाढला. त्यात कारागीर, व्यापारी, शिकलेली माणसे, सरदारांच्या आश्रयाने राहणारे नागरिक आले. लिटोमिश्लसारख्या गावात प्रश्न उभा राहिला तो असा: नगरसभेचे पद सक्तीने गळ्यात पडले, साक्षीची शपथ मागितली, तर बांधवाने काय करायचे? नाही म्हटले तर गाव सोडावे लागेल. हो म्हटले तर वाडवडिलांची शिकवण मोडते.

१४९० मध्ये ब्रांडीस येथे भरलेल्या सभेने सवलत दिली: सद्सद्विवेकाला स्मरून, नाइलाज असेल तर चालेल. याला खेड्यापाड्यांतल्या जुन्या बांधवांनी असा विरोध केला की ठराव मागे घ्यावा लागला आणि कडव्या मताची माणसे संघाच्या अंतर्मंडळात आली. १४९४ मध्ये रिखनॉव्हच्या सभेत पारडे पुन्हा फिरले. नवे नेतृत्व निवडले गेले, त्यात प्राग विद्यापीठात शिकलेला लुकाश होता. लगेच पुढच्या वर्षी निर्णय झाला की ग्रेगरी आणि खेल्चित्स्की यांचे लेखन यापुढे बंधनकारक मानायचे नाही. संस्थापकाचाच शब्द संस्थापकाच्याच संघाने ऐच्छिक ठरवला! परंपरा सांगते की ग्रेगरीने मरतेवेळी पहिला बिशप मातेय याला शिकलेल्या बांधवांपासून सावध राहा असे बजावले होते. या घडामोडींनंतर ती आठवण जुन्या बांधवांना किती झोंबली असेल!

विरोधकांचा पुढारी व्होद्न्यानीचा आमोस. त्याच्या बाजूचे लोक म्हणत, तलवार आणि शपथ नाकारणे हाच ख्रिस्ताचा मार्ग, यात सवलत कसली देता? लुकाश म्हणत होता, शपथ न घेतल्याने तारण होत नाही, तारण देवाच्या कृपेने होते. शपथ हा आवश्यकाचा भाग नाहीच. आवश्यक, सहायक आणि प्रासंगिक ही जी विभागणी वर सांगितली, ती लुकाशनेच व्यवस्थित मांडली. म्हणजे मोरेव्हियनांचे सर्वांत प्रसिद्ध समंजस तत्त्व एका कडाक्याच्या भांडणात घडले आणि त्या भांडणात जिंकलेल्या बाजूने ते घडवले. हे त्या तत्त्वाचे अवमूल्यन नाही. पण ते वाचताना हरलेल्यांचा आवाजही कानाशी ठेवावा असे मला वाटते.

१४९६ मध्ये समेटासाठी दोन्ही बाजू खलुमेत्स येथे भेटल्या. समेट झाला नाही. आमोसचा धाकटा पक्ष वेगळा झाला, पुढची काही दशके टिकला आणि विरून गेला. लुकाशचा थोरला पक्ष जगला, वाढला. त्याने शाळा काढल्या, सोळाव्या शतकाच्या शेवटी चेक भाषेतले क्रालित्सेचे बायबल दिले, कोमेनियससारखा शिक्षणतज्ज्ञ बिशप दिला. व्यवहाराच्या दृष्टीने लुकाशचा मार्ग बरोबर ठरला यात वाद नाही. तरी खेल्चित्स्कीचे काय झाले ते पाहा. टॉलस्टॉयने ‘देवाचे राज्य तुझ्या अंतरी आहे’ या ग्रंथात त्याच्या विचारांचा आदराने परामर्श घेतला. तो ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत तरुण मोहनदास गांधींच्या हाती पडला आणि त्याने आपण भारावून गेलो असे गांधींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. १४९५ च्या सभेने बाजूला ठेवलेल्या विचाराला चारशे वर्षांनी असे वाचक मिळाले.

प्रश्न : काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्या वसाहतीतही मोठे भांडण झाले होते म्हणतात. ते कसे मिटले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १६२० मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत प्रोटेस्टंट पक्ष हरला आणि बंधुसंघाची वाताहत झाली. जे मागे राहिले त्यांनी घराच्या दारांआड विश्वास जपला. त्यांच्यातली काही कुटुंबे मोराव्हियातून निसटून जर्मनीतल्या सॅक्सनीत आली. पंथाचे आजचे नाव या मोराव्हियावरून पडले. तिथे निकोलाउस फॉन झिन्झेन्डॉर्फ या तरुण सरदाराने त्यांना बर्थेल्सडॉर्फच्या आपल्या जमिनीवर आसरा दिला. १७ जून १७२२ रोजी ख्रिस्तियान डेव्हिड या सुताराने पहिले झाड तोडले आणि हर्नहूट वसले.

पाचच वर्षांत त्या दोनतीनशे माणसांच्या वस्तीत एकमेकांशी बोलणे अवघड झाले होते. छळाला कंटाळून आलेले लोक हे आपल्या मताबद्दल हळवे असणारच. कुणी लुथरपंथी, कुणी कॅल्व्हिनच्या वाटेचे, कुणी दुसऱ्याच एखाद्या शिकवणीचे. मोराव्हियाहून आलेल्यांना आपल्या पूर्वजांची जुनी शिस्त हवी होती. बर्थेल्सडॉर्फचे पाळक रोथे यांची अपेक्षा अशी की सगळ्यांनी लुथरपंथी चर्चच्या चौकटीत राहावे. १७२६ मध्ये क्रूगर नावाचा एक प्रवचनकार आला. त्याने प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा आधार घेऊन झिन्झेन्डॉर्फला श्वापद आणि रोथेंना खोटा संदेष्टा ठरवले. लोक त्याच्या मागे गेले. ज्याने पहिले झाड तोडले तो ख्रिस्तियान डेव्हिडही गेला आणि वस्तीबाहेर वेगळे घर बांधून राहू लागला.

जमिनीचा मालक म्हणून झिन्झेन्डॉर्फ या लोकांना सहज हाकलू शकला असता. अठराव्या शतकातल्या सरदाराला त्यात कुणी चुकीचे मानले नसते. त्याने ड्रेस्डेनच्या दरबारातली नोकरी बाजूला ठेवली, १७२७ च्या वसंतात हर्नहूटला राहायला आला आणि घरोघर जाऊन बसू लागला. १२ मे १७२७ रोजी सगळ्यांना एकत्र बोलावून त्याने तासन् तास बोलणे केले आणि बंधुभावाच्या करारावर सह्या झाल्या. वस्तीचे नियम आणि एकमेकांशी वागण्याची रीत त्यात होती. धर्मज्ञानातले वादाचे मुद्दे त्यात सोडवलेले नव्हते. वस्तीने बारा वडील निवडले आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून चार प्रमुख वडील ठरले. त्या चौघांत ख्रिस्तियान डेव्हिड होता. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मालकाला श्वापद म्हणणाऱ्यांच्या बाजूचा माणूस वस्तीच्या चार प्रमुखांत बसला आणि मालकाने ते मान्य केले. हर्नहूटच्या समेटाची खरी किल्ली मला इथे दिसते. मतभेद बोलून दाखवणाऱ्याला तिथे पद मिळाले.

त्या उन्हाळ्यात त्सिटाऊच्या ग्रंथालयात झिन्झेन्डॉर्फला कोमेनियसने लिहिलेला जुन्या बंधुसंघाच्या शिस्तीचा लॅटिन वृत्तान्त सापडला. त्याने त्याचा जर्मन सारांश करून हर्नहूटला वाचून दाखवला. आपण नुकतेच केलेले नियम आपल्या पूर्वजांच्या नियमांशी इतके जुळतात हे ऐकून मोराव्हियाचे लोक हेलावले. १३ ऑगस्टला बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन घेतले. जगभरचे मोरेव्हियन तो दिवस आजही आपल्या मंडळीचा पुनर्जन्म म्हणून पाळतात. लगेच पाळीपाळीने अहोरात्र प्रार्थना सुरू झाली, ती शंभर वर्षे चालली. पाच वर्षांच्या आत पहिले मिशनरी कॅरिबियनला निघाले.

या मिशनरी कार्याचे वृत्तान्त इंग्लंडमध्ये छापले जात. १७९२ मध्ये केटरिंगला विल्यम कॅरीने आपल्या सहकाऱ्यांपुढे तेच टाकले आणि या मोरेव्हियनांनी काय केले ते पाहा, असे म्हटले. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापणारा कॅरी तो हाच. लेहचे चर्च याच धडपडीतून आले: १८५६ मध्ये लाहौलमधल्या केलाँगला ठाणे झाले, १८८५ मध्ये लेहला.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. आमच्याकडे अधिकार कुणाचा हे स्पष्ट असते. मोरेव्हियन नेताच भरकटला तर त्याला आवरणारे कोण?
— एक वाचक, वसई

उत्तर : हा प्रश्न त्यांच्यासमोर फार दुःखद रीतीने उभा राहिला होता. त्याआधी एक पार्श्वभूमी. १७४१ पर्यंत मंडळीला एक प्रमुख वडील असे. लेओनहार्ड डोबर यांनी त्या पदाच्या भाराखाली ते सोडायचे ठरवले. लंडनच्या बैठकीत त्यांच्या जागी नावे सुचवली गेली, पण चिठ्ठीने कौल दिला नाही. तेव्हा जमलेल्यांनी ठरवले की यापुढे ख्रिस्त हाच प्रमुख वडील. माणसाने ती जागा घ्यायची नाही. त्या वर्षीच्या १३ नोव्हेंबरला हे सगळ्या मंडळ्यांना जाहीर झाले. तत्त्व म्हणून हे थोर आहे. व्यवहारात मात्र झिन्झेन्डॉर्फचे वजन इतके होते की ती रिकामी जागा त्याच्या व्यक्तिमत्त्वाने भरून काढली.

जर्मनीतल्या वेटेराऊ भागात हर्नहाग नावाची दुसरी वसाहत होती. तिथे १७४० च्या दशकात ख्रिस्ताच्या जखमांची, विशेषतः कुशीतल्या जखमेची भक्ती पराकोटीला गेली. ही भक्ती झिन्झेन्डॉर्फने स्वतःच शिकवली होती. प्रत्येक आत्मा ख्रिस्ताची वधू आहे, हेही तोच शिकवत होता. त्याचा मुलगा ख्रिस्तियान रेनाटुस हा तिथल्या अविवाहित तरुणांचा पुढारी होता. डिसेंबर १७४८ मध्ये त्याने त्या तरुणांना यापुढे तुम्ही भगिनी आहात असे जाहीर केले. कानावर येणाऱ्या गोष्टींनी जुने सभासद अस्वस्थ झाले. १७४९ मध्ये झिन्झेन्डॉर्फने कडक पत्र पाठवून मुलाला लंडनला बोलावून घेतले. पुढच्या वर्षी तिथल्या संस्थानिकाने वसाहतीला झिन्झेन्डॉर्फशी संबंध तोडण्याची आज्ञा केली. लोकांनी ते नाकारले आणि वसाहत हळूहळू रिकामी झाली. ख्रिस्तियान रेनाटुस १७५२ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला.

या काळाला ते ‘चाळणीचा काळ’ म्हणतात. १७६० मध्ये झिन्झेन्डॉर्फ गेल्यावर सिनडसभांनी ठामपणे पावले टाकली: सत्ता एका माणसाकडून वडीलमंडळाकडे आणली, मंडळीच्या कर्जाची व्यवस्था लावली आणि बिशप श्पांगेनबर्ग यांच्याकडून विश्वासाची संयत मांडणी लिहवून घेतली. वसईच्या वाचकांना उत्तर द्यायचे तर, आवरणारी सिनडसभाच होती, पण ती उशिरा आवरू शकली.

आवरताना एक नुकसानही झाले, त्याची मला खंत वाटते. त्या काळाची कित्येक कागदपत्रे मंडळीच्या दप्तरांतून जाणीवपूर्वक नष्ट केली गेली. इतिहासकार पॉल प्यूकर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उरलेल्या कागदांवरून तो काळ पुन्हा उभा केला आहे. झिन्झेन्डॉर्फच्या हयातीत स्त्रियांना जी धार्मिक पदे मिळाली होती, तीही त्याच्यानंतर आटत गेली. आना निच्मान ही १७३० मध्ये चौदाव्या वर्षी चिठ्ठीने स्त्रियांची प्रमुख वडील झाली होती. त्यानंतर अमेरिकेच्या उत्तर प्रांतात पहिल्या स्त्री पाळकाला दीक्षा मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

प्रश्न : लग्नसुद्धा चिठ्ठी टाकून ठरत असे हे खरे आहे का? सभासद ते निमूट सोसत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे. सुचवलेल्या स्थळाला चिठ्ठीचा होकार आला तरच वडीलमंडळ परवानगी देई. सभासदाला होकार मिळालेले स्थळ नाकारता येई, पण नकार मिळालेले स्थळ मंडळीत राहून करता येत नसे. ज्यांनी केले त्यांना वस्ती सोडावी लागली. वडीलमंडळाच्या मते हा थेट तारणाऱ्याचा कौल होता. सभासदांपैकी अनेकांच्या, विशेषतः स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या तरुणांच्या मते ती एक जुनी रीत होती. इथे खण ठरवण्याचा अधिकार नेत्यांच्या हातातून सभासदांनी काढून घेतला. अमेरिकेतल्या मंडळ्यांनी मागणी लावून धरली आणि १८१८ च्या सभेने सामान्य सभासदांच्या लग्नासाठी चिठ्ठीची सक्ती उठवली. चिठ्ठीची पद्धत पूर्णपणे १८८९ मध्ये संपली. १८५७ मध्ये प्रांतांना आपला कारभार आपण पाहण्याची मुभा मिळाली, तीही अशाच रेट्याने.

पण सभासदांचा रेटा नेहमी न्यायाच्या बाजूनेच असतो असे कुणी समजू नये. नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलम गावी वडीलमंडळाने सभासदांना गावात खासगी गुलाम ठेवायला बंदी घातली होती. हेतू मुख्यतः गावातल्या कारागिरांच्या श्रमाची शिस्त राखण्याचा होता. गुलामीच पाप आहे असे त्यांनी म्हटले नाही, आणि मंडळी स्वतःही गुलामांची मालक होती. तरी तेवढीही बंदी सभासदांना नको होती. ते वर्षानुवर्षे झगडले आणि १८४७ मध्ये ती उठली. दोन्ही बाजूंनी गुलामीला तिसऱ्या खणात, मुलकी व्यवहाराच्या खणात टाकले होते. त्या खणात काय टाकले गेले याची कबुली द्यायला अमेरिकेच्या दक्षिण प्रांताला २००६ पर्यंत वेळ लागला. त्या वर्षी सिनडसभेने गुलामीतल्या आपल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली.

प्रश्न : आज काय स्थिती आहे? अजूनही असे वाद होतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होतात, आणि गंभीर होतात. १९८९ नंतर चेक देशात धर्मस्वातंत्र्य आले. मंडळी जिथे जन्मली त्याच भूमीवर तिच्या नेतृत्वाचा मोठा भाग करिश्माई पद्धतीच्या उपासनेकडे वळला: उत्स्फूर्त प्रार्थना, पवित्र आत्म्याच्या दानांवर भर, नवी गीते, प्रौढपणीच्या वैयक्तिक निर्णयाला महत्त्व. जुन्या मंडळ्यांतल्या सभासदांना हर्नहूटची प्रार्थनापद्धती आणि लहानपणापासूनची गीते सोडायची नव्हती. एका बाजूला ही उपासनेची रीत वाटत होती, दुसऱ्या बाजूला विश्वासच बदलतो आहे असे वाटत होते. १४९० च्या दशकातले भांडण इथे नव्या वेशात दिसते, आणि त्याचा शेवटही तसाच झाला. बहुमत आणि नाव करिश्माई गटाकडे राहिले. जुन्या पद्धतीच्या मंडळ्या बाहेर पडल्या आणि १९९९ मध्ये चेक बांधवांच्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये हर्नहूटच्या नावाचा स्वतंत्र विभाग करून राहिल्या. होंडुरासमध्येही अशाच प्रश्नावरून एका प्रांताच्या दोन मंडळ्या झाल्या.

सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेचा आहे. अमेरिकेच्या उत्तर प्रांताने जून २०१४ च्या सिनडसभेत समलिंगी जोडीदाराबरोबर राहणाऱ्या किंवा विवाहित व्यक्तींना दीक्षेची वाट मोकळी केली. हा निर्णय घेण्याआधी तिथे कित्येक वर्षे मंडळ्यामंडळ्यांत चर्चा झाल्या होत्या. आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या अनेक प्रांतांना तो मान्य नाही. आज या पंथाचे दहा लाखांहून अधिक सभासद आहेत, त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत, सर्वाधिक टान्झानियात. जागतिक सिनडसभेत जेव्हा हा विषय निघतो तेव्हा उत्तर प्रांत म्हणतो, हा प्रत्येक प्रांताच्या विवेकाचा प्रश्न आहे. विरोधक म्हणतात, हा शास्त्राच्या अधिकाराचा प्रश्न आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर उत्तर प्रांताने माणसाला माणूस म्हणून जी जागा दिली ती योग्य आहे असे मी मानतो. पण टान्झानियातल्या सभासदांचे म्हणणे मागासलेपण म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. ज्या मंडळीचे बहुसंख्य सभासद तिथे आहेत, तिचा विश्वास काय हे ठरवताना त्यांना बाहेर बसवून चालणार नाही. जागतिक मंडळीचा कायदा प्रांतांना मोठी मोकळीक देतो, म्हणून अजून औपचारिक फूट पडलेली नाही. बिशप दोन्ही बाजूंना आहेत. ते पत्रे लिहितात, भेटतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात. मतदानाची वेळ आली की मंडळ्यांचे निवडलेले प्रतिनिधी हात वर करतात, आणि दर सात वर्षांनी हा प्रश्न पुन्हा मेजावर घेता येतो.